रुई सोडून उठायचं नसतं

“मेली तर मेली! बाळंतपणात मेलेल्या बाईले शहीदाचा दर्जा हाय! सिधी जन्नतमधी जाशीन, हिशेब ना किताब! मौलवीसाहेबानं जुम्म्याच्या तकरिरीत सांगतलं हाय, मी काय मनानं नाई बोलून राह्यली!”

सासू ओरडत होती. आमच्या अम्माचा आवाज म्हणजे पुलगावच्या मिलचा भोंगा. मिलवाले तीन पाळ्यांचे तीन भोंगे द्यायचे, चौथा आमच्या घरून व्हायचा. एकदा तिनं अंगणात बकरीला शिवी घातली तर चार कामगार डबे घेऊन मिलच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले होते. खोटं वाटत असेल तर त्या चौघांना विचारा. तीन वारले, चौथ्याला ऐकू येत नाही.

मी ओसरीवर बसले होते. मांडीवर सव्वा महिन्याची पोर, माझी सहावी. हातात दवाखान्याचा कागद.

“अम्मा,” मी म्हटलं, “मले जन्नतची घाई नाई. तुम्ही घरात मोठ्या, पहिला नंबर तुमचा.”

तिनं हातातलं तांब्याचं भांडं फेकलं. मला लागलं नाही. तिचा नेम तसा चांगला होता, म्हणजे तिला लावायचं नव्हतं. भांडं अंगण ओलांडून शेजारच्या माळणीच्या वांग्यांत जाऊन पडलं, आणि माळणीनं कुंपणावरून ओरडून विचारलं, “काऊन वं, आज कोनाची बारी?” तिच्याकडून रोज भाजी विकत घ्यायची आणि आमच्याकडचं भांडण फुकट द्यायचं, असा आमचा जुना व्यवहार होता.

तो कागद असा होता. सहाव्या बाळंतपणात मी जवळजवळ गेलेच होते. पोर बाहेर आली आणि रक्त थांबेना. मला बैलगाडीतून, मग जीपमधून, मग आणखी कशातून तरी वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं दारूगोळ्याच्या डेपोतल्या एका हवालदारानं रक्त दिलं, एका माळ्यानं दिलं, आणि एका सोनारानं दिलं, जो आला होता स्वतःच्या मुळव्याधीसाठी. तेव्हापासून माझ्या अंगात तीन जातींचं रक्त फिरतं, आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नाही, म्हणून मी कोणाचंच ऐकत नाही. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेशी उभ्या होत्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी मला पोरं थांबायचं ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं आणि फॉर्म दिला. सव्वा महिन्यानं ये, म्हणाल्या. खाली नवऱ्याची सही लागते.

पोट माझं, टाके मला पडणार, मरायचं असेल तर मीच मरणार, आणि सही नवऱ्याची. मी तिथंच म्हटलं, “बाई, त्याच्या पोटाचं ऑपरेशन असतं तर माझी सही लागली असती का?” डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला.

काउंटरवर बसलेला कारकून मात्र बोलका होता. फॉर्मवरचं नाव वाचून म्हणाला, “तुमच्यात तर चालत नाही ना हे? तुमच्यात लाइनच लावतात.” त्याला मी म्हटलं, “भाऊ, आमच्या शेजारच्या माळणीले आठ हायेत. तिले कधी म्हटलं का लाइन?” तो कागद चाळायला लागला. ही गंमत मी आयुष्यभर पाहिली. माळणीच्या आठांना कोणी मोजलं नाही, ती ‘लेकुरवाळी’. माझ्या सहांना मात्र रेल्वेच्या डब्यातला अनोळखी माणूसही मोजायचा, बोट दाखवून, मोठ्यानं. मी एकदा मुद्दाम फाटकापाशी खेळणारी दुसऱ्यांची आठ पोरं गोळा केली आणि चौदा जणांना घेऊन वर्ध्याच्या गाडीत चढले. “सगळे तुमचे?” एका गृहस्थानं विचारलं. “नाई,” मी म्हटलं, “मोठे बारा मागच्या डब्यात हायेत.” तो वर्ध्याला उतरणार होता, तो पुलगाव सुटायच्या आधीच उतरला.

तर सांगायचं असं की बाहेरच्यांनी मला थांब म्हणावं म्हणून मी थांबत नव्हते. आणि घरच्यांनी थांबू नको म्हणावं म्हणून मरणारही नव्हते.

राहिला नवरा. आमचं घर पिंजाऱ्याचं. गाद्या, उशा, रजया. नवरा रुई पिंजायचा, मी खोळी शिवून टाके घालायची. माणूस म्हणाल तर पिंजलेल्या रुईसारखा, फुंकर मारली की उडेल. पण एका गोष्टीची त्याच्या मनात धास्ती होती, आणि त्याला कारण होतं. आणीबाणीत नसबंदीवाले गावोगाव फिरायचे, तेव्हा कोणीतरी उठवलं की उद्या आपल्या मोहल्ल्यात जीप येणार. बाकीचे लोक शेतात पळाले, कपाशीत लपले. आमच्या माणसाला पळता येत नाही, त्याचे पाय चपटे. मग मी त्याला गादीत घातलं. खरंच. डबल खोळ घेतली, नाकापाशी भोक ठेवलं, वरून दोन बोटं रुई पसरली आणि टाके घातले. जीप आली. एक साहेब आत आला, दमला होता, आणि त्या गादीवर बसला. पाणी मागितलं. पाणी प्यायला. ‘गादी फार गरम आहे,’ म्हणाला. मी म्हटलं, “नवी रुई हाय साहेब, उन्हातली.” साहेब गेला. टाके उसवून नवरा काढला तेव्हा तो इतका पांढरा होता की रुई कुठली आणि नवरा कुठला ते कळेना. तेव्हापासून दवाखान्याचा कागद पाहिला की त्याला घाम फुटायचा.

आणि वर अल्लाहची भीती. ती खरी होती, तिची मी थट्टा करत नाही.

“सही करा,” मी म्हटलं.

“हराम असन तर?” तो म्हणाला. “कबरीत मले विचारतीन ना. तुले नाई, मले. सही माझी राहीन.”

“आन मी मेली तर सहा पोरं कोनाले विचारतीन?”

तो हळूच म्हणाला, “मौलवीसाहेब हो म्हनतीन, तर करतो.”

आता मौलवीसाहेबांना विचारायचं म्हणजे काय? मशिदीत मला जाता येत नाही. नवरा गेला तर विचारणार नाही. तो दोन वेळा गेला आणि दोन्ही वेळा पाऊस कधी पडेल ते विचारून आला. घरी बोलवावं तर मौलवीसाहेब चहा पितील, ‘अल्लाह बेहतर करेगा’ म्हणतील आणि चप्पल घालतील. अवघड प्रश्न आला की त्यांना नेहमी नमाजची वेळ व्हायची, मग सकाळचे दहा का वाजले असेनात. अकोल्याकडचे होते, विद्वान होते, लबाड नव्हते. पण आणीबाणीनंतर या विषयावर तोंड उघडणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. हो म्हटलं तर मोहल्ला म्हणणार सरकारचा माणूस.

मी आठ दिवस विचार केला. आणि मग मला त्यांची गादी आठवली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पिंजाऱ्याकडे गादी दिली की गिऱ्हाईक घरी जात नाही. समोर बसतं. आपली गादी आपल्या डोळ्यांदेखत उसवायची, आपली रुई आपल्या डोळ्यांदेखत पिंजायची, आपल्याच खोळीत भरून घ्यायची. कारण सगळ्या दुनियेला खात्री की पिंजारी चांगली रुई मागे सारतो आणि जुनं गबाळ भरतो. आम्ही इतके चोर असतो तर आमची पोरं चटईवर झोपली असती का? पण रीत ती रीत. पिंजाऱ्याकडे बसलेलं असताना बाप गेल्याची खबर आली तरी लोक रुई गोळा करूनच उठतात. रुई सोडून उठायचं नसतं.

मौलवीसाहेबांच्या गादीत गोळे झाले होते हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं, कारण ते पहाटेच्या अजानला कमरेवर हात ठेवून यायचे. मी निरोप पाठवला: या मंगळवारी पिंजण मोकळी आहे, गाद्या घेऊन या, तुमच्याकडून मजुरी नाही.

ते आले. दोन गाद्या, चार उशा. आणि अंगणातल्या मांडवाखाली खुर्चीवर बसले, समोर.

“एक-एक उसवू का?” नवरा म्हणाला.

“नाई,” मी गोणपाटाच्या पडद्यामागून म्हटलं, “सगळ्या एकदम उसवा. मौलवीसाहेबांचा टाइम वाचन.”

त्यानं सगळ्या उसवल्या. अंगणात रुईचा डोंगर झाला. काळपट, दबलेली, वर्षानुवर्षांची. नवऱ्यानं धनुष्यासारखी पिंजण लावली, तिची तात, म्हणजे दोरी, छेडायच्या लाकडी दस्त्याकडे हात नेला, आणि दस्ता नव्हता.

दस्ता माझ्या मांडीखाली होता.

तो शोधायला लागला. पोत्याखाली, चुलीपाशी, कोंबड्यांच्या खुराड्यात. तेवढ्यात अम्मा बाहेर आली. तिला मी काही शिकवलं नव्हतं, शिकवायची गरजच नव्हती. मौलवीसाहेब घरात आहेत म्हटल्यावर ती बोलल्याशिवाय राहणार नाही, हे मला सूर्य उगवण्यासारखं पक्कं ठाऊक होतं.

“मौलवीसाहेब,” ती म्हणाली, “या सुनेले सांगा. ऑपरेशन करतो म्हनते. हराम हाय का नाई?”

“हराम है,” मौलवीसाहेब म्हणाले आणि लगेच दाराकडे पाहिलं. मग रुईच्या डोंगराकडे पाहिलं. मग परत खुर्चीत नीट बसले.

“बस एवढंच?” मी पडद्यामागून म्हटलं. “रुई तर दोन तासांची हाय.”

“बेटी, रिझ्क, रोजीरोटी, देणारा अल्लाह आहे,” ते म्हणाले. “गरिबीच्या भीतीनं औलादीला मारू नका, असं कुराणात साफ सांगितलं आहे.”

“मी कोनाले मारून राह्यली? सहाच्या सहा इथंच हायेत, मोजून घ्या. आन गरिबीले आम्ही काऊन भिऊ? ते आमच्याच घरी राह्यते, आमच्याच ताटात जेवते.”

माळण कुंपणापाशी आली. वांगी तोडायचं निमित्त होतं. त्या झाडांना तेव्हा वांगी नव्हती.

“उम्मत, आपली जमात, वाढावी अशी नबींची ख्वाहिश होती,” मौलवीसाहेब म्हणाले.

“सहा देले ना मी. आपल्या जमातीत माझ्याहून जास्त कोनी देले असतीन तर सांगा.” मग मी खरा प्रश्न काढला. माझे अब्बा वर्ध्यात एका मदरशाबाहेर जिल्दसाजी करायचे. किताबांना पुठ्ठे चढवता चढवता वाचायचे, आणि आम्हा बहिणींना सांगायचे. त्यांना मुलगा नव्हता म्हणून सगळं इल्म आमच्या कानांत ओतलं. “मौलवीसाहेब, मले एक सांगा. नबीच्या जमान्यात, पोट राहू नाई म्हणून, मानसं टायमावर बाजूले होत होते का नव्हते?”

मौलवीसाहेबांना ठसका लागला. रुईचा, ते म्हणाले. नवरा शोधायचं सोडून जागच्या जागी उभा राहिला. त्याचे कान माळणीच्या टमाट्यांहून लाल झाले. अम्मानं पदर तोंडावर घेतला, पण कान उघडे ठेवले.

“होत होते,” मौलवीसाहेब शेवटी म्हणाले. विद्वान माणसाची हीच पंचाईत, विचारलं की खरं सांगावं लागतं. “नबींना माहीत होतं. मना केलं नाही. पण ज्या जीवाला यायचं तो येतोच, हेही फरमावलं.”

“ते तर खरंच हाय,” मी म्हटलं आणि पडद्याखालून सहावीचा पाय बाहेर काढून दाखवला. “हे पाहा.”

“दस्ता कुठी हाय वं!” नवरा ओरडला. एवढ्या मोठ्यानं तो जन्मात ओरडला नव्हता. त्याला पिंजण वाजवायची होती, म्हणजे आवाजात सगळं बुडून जाईल. पिंजणीचा आवाज मोठा असतो, ढंग ढंग ढंग, त्यात आख्खं लग्न बुडतं.

“सापडन,” मी म्हटलं. “आन मौलवीसाहेब, ते बाजूले व्हायले बायकोची मर्जी लागते का नाई?”

“लागते.”

“काऊन?”

“कारण औलादीवर तिचाही हक आहे.”

“अम्मा, ऐकलं? माझाही हक हाय म्हनतेत.”

“मी बहिरी नाई,” अम्मा म्हणाली. हे खरं होतं. बहिरे आम्ही होतो, तिच्यामुळे.

मौलवीसाहेब आता खुर्चीच्या काठावर आले. त्यांच्या दाढीत रुई, भुवयांवर रुई, काळ्या टोपीवर रुई. दहा मिनिटांत वीस वर्षांनी म्हातारे दिसायला लागले होते. “पण बेटी, ते वेगळं आणि हे वेगळं,” ते म्हणाले, आणि आता चुकवत नव्हते, समजावत होते. “दोन पोरांत अंतर ठेव, कोण मना करतं? दोन बरस दूध पाजायला तर कुराणातच सांगितलं. गोळी खा, तांबी बसव, नवऱ्याशी मशवरा करून. पण ऑपरेशन म्हणजे कायमचं. अल्लाहनं दिलेली चीज आपल्या हातानं बंद करायची. त्याची इजाजत मी कशी देऊ?”

गोळीची गोष्ट मी त्यांना सांगितली. चौथ्यानंतर मी गोळ्या आणल्या होत्या. अम्माला त्या फळीवर सापडल्या, तिनं कोंबड्यांपुढे टाकल्या. कोंबड्यांनी पाच महिने अंडं दिलं नाही. शेवटी कोंबडा घर सोडून गेला. अम्मा आजही म्हणते की रोग आला होता. आणि तांबीला डॉक्टरीणबाईंनीच नाही म्हटलं, आतून इतकं फाटलं आहे की तिथं काही ठेवायची सोय राहिली नाही.

“डॉक्टर काय म्हणाली?” मौलवीसाहेबांनी विचारलं. “तिच्याच शब्दांत सांग. तुझ्या शब्दांत नको.”

मी आयुष्यात फार कमी गोष्टी होत्या तेवढ्याच सांगितल्या आहेत. ही त्यातली एक.

“त्या बोलल्या, पुढचं पोट राह्यलं तर तुले वाचवता येनार नाई. मी इथं असली तरी नाई.”

मिलचा भोंगा झाला, दुपारचा. तो थांबेपर्यंत सगळे गप्प बसले. अम्मा सुद्धा.

“आपल्याच हातानं सोताले मौतमधी टाकू नका,” मी म्हटलं, “हेही कुराणातच हाय ना, मौलवीसाहेब? का माझ्या अब्बांनी ते पान चुकीचं चिकटवलं होतं?”

“बरोबर चिकटवलं होतं,” ते म्हणाले.

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग बोलले ते माझ्याशी नाही, नवऱ्याशी. “मियाँ, जान जात असेल तर गोष्ट बदलते. एरवी नाजायज असलेली चीजसुद्धा मग जायज होते, जितकी जरुरत तितकी. पण सांगणारा डॉक्टर भरवशाचा पाहिजे.”

“डॉक्टर हिंदूनी हाय,” अम्मा म्हणाली. तिला वाटलं आता दार लागलं.

मी बऱ्याच वेळापासून याच वाक्याची वाट पाहत होते. “मौलवीसाहेब,” मी म्हटलं, “तुमची धाकटी पोर आडवी आलती. तुमच्या बीबीजान दोन दिस कन्हत होत्या. कोनाच्या हातानं सुटल्या?”

माळण कुंपणापलीकडून म्हणाली, “त्याच बाईच्या. म्याच तर गाडी जुंपून देली होती.”

मौलवीसाहेबांनी डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांत काय चाललं होतं ते मला माहीत होतं. बाहेर मोहल्ला होता, आणि कोणीतरी उद्या विचारणारच होतं की सरकारचं ऑपरेशन तुम्ही कधीपासून हलाल केलं. ते सहज म्हणू शकले असते, दुसऱ्या डॉक्टरला विचारा, नागपूरला जा, पुढच्या जुम्म्याला बोलू. मी दस्ता मांडीखाली घट्ट दाबून धरला.

“भरवशाच्या आहेत,” ते म्हणाले. मग घाईघाईनं: “मी हा फतवा नाही देऊन राह्यलो. हा एका बाईचा मसला आहे. बाहेर माझं नाव घेऊ नको.”

“घेईन,” मी म्हटलं. “लपून कराले मी काय चोरी करून राह्यली? कोनी विचारलं तर तुम्ही बोलले तेच सांगीन. एक शब्द जास्त नाई.”

“तुझ्या तोंडून? एक शब्द जास्त नाही?” मौलवीसाहेब म्हणाले, आणि हसले. नवराही हसला. माळण तर कुंपण धरून हसली. मला इतका अपमान वाटला की काय सांगू.

मग मी पडद्याखालून कागद पुढे सरकवला. “सही.”

“पहिले दस्ता दे,” नवरा म्हणाला. त्याला आता कळलं होतं.

“पहिले सही.”

त्यानं मौलवीसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी खिशातला पेन काढून दिला. स्वतःहून. नवऱ्यानं पत्र्याच्या डब्यावर कागद ठेवला, बिस्मिल्ला म्हटलं, आणि सही केली. शाईत रुईचा तंतू अडकला, नावाला मागे शेपूट आली. ती सही मला अजून दिसते. इतकी वाकडी सही वर्धा जिल्ह्यात दुसरी झाली नसेल, पण मला तिच्यापुढे ताम्रपट दाखवले तरी नको.

मी दस्ता दिला. त्यानं तात छेडली आणि ढंग ढंग सुरू झालं, आणि मौलवीसाहेब बिचारे आणखी अडीच तास बसले, कारण रुई पिंजायची बाकीच होती. त्या गाद्या मी स्वतः शिवल्या. टाके असे घातले की त्यांच्या नातवंडांपर्यंत गोळा होऊ नये. मजुरी घेतली नाही.

दवाखान्यात तोच कारकून होता. कागद उलटापालटा केला. “सही नवऱ्याचीच आहे ना?” म्हणाला. “तुमच्यात परवानगी मिळाली?”

“मिळाली,” मी म्हटलं. “किताबातून मिळाली. तुमच्या दट्ट्यानं नाई मिळाली, हे लिवून घ्या.” त्यानं लिहून घेतलं नाही. पेन मात्र बराच वेळ हातात धरून होता.

ऑपरेशनचं काय सांगू? झोपले, उठले. डॉक्टरीणबाईंनी टाके दाखवले तेव्हा मी म्हटलं, बाई, दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत थोडे लांब पडले. त्या म्हणाल्या, “तू शिवतेस का?” मी म्हटलं, गाद्या. त्यांनी पाचवा टाका माझ्या सांगण्याप्रमाणे घातला. हे कोणाला पटत नाही, पण माझ्या पोटावर पुरावा आहे. दाखवणार नाही.

मोहल्ल्यात व्हायचं ते झालं. नळावरच्या बाया म्हणाल्या, हिची नमाज कबूल होणार नाही. एक म्हणाली, हिच्या जनाज्याला कोणी उभं राहणार नाही. मी म्हटलं, “बाई, जनाजा आताच निघू नाई म्हणून तर केलं हे सगळं! तुम्हाले उभं राहायची इतकी हौस असन तर थांबा अजून चाळीस वर्सं.” मौलवीसाहेबांनाही दोघा-चौघांनी जुम्म्यानंतर अडवलं. ते म्हणाले म्हणे, “हो, मी सांगितलं. ज्याची बायको मरायला टेकली असेल त्यानं यावं, त्यालाही सांगीन.” त्यानंतर कोणी विचारलं नाही. पण गाद्या पिंजायला आमच्याकडे बाया जास्त यायला लागल्या. स्वतः येऊन बसायच्या, नवऱ्यांना न पाठवता. रुई समोर आणि तोंड माझ्या पडद्याकडे. मला जितकं माहीत होतं तितकं सांगितलं, आणि जे माहीत नव्हतं तेही सांगितलं.

अम्मा माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. मला वजन उचलायची मनाई होती, तर तिनंच पाण्याच्या घागरी आणल्या, तिनंच पोरांना आंघोळी घातल्या, पोरांना दिलेल्या शिव्या मी ऐकाव्या एवढ्या मोठ्यानं दिल्या, पण माझ्याशी बोलली नाही. तिची स्वतःची अकरा बाळंतपणं झाली होती. त्यातले पाच जगले. बाकीच्या सहांची नावं तिला येत होती, आणि ती कधी कधी पोरांना हाका मारताना चुकून त्यातलं एखादं नाव घ्यायची.

एका दुपारी आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. मी उशीच्या खोळीला टाके घालत होते, ती सरकी निवडत होती. अंगणात पोरं एकमेकांचे केस ओढत होती. मला भांडायची सवय, शांतता सहन होत नाही. मी म्हटलं, “अम्मा, मले सगळे उभे-आडवे बोलले. तुम्हीही बोलल्या. पन एक सांगा. तुमच्या टायमाले असं ऑपरेशन असतं, आन तुम्हाले कोनी विचारलं असतं, तर काय सांगतलं असतं?”

तिनं सुपातली सरकी एका बाजूला केली, खडा काढला, बाहेर फेकला.

“मले कोनी विचारलंच नाई,” ती म्हणाली.